येऊन राहिली

माहा जलम खाप्याचा. बाप हातमागावर बसे, माय कांड्या भरे, आन मी त्याइची एकलीच पोरगी. लगन होऊन हुडकेश्वरले आली तवा इथं चहूकडं शेतं होते, आता पाहा, घरावर घर. नवरा गेला आन मी समोरच्या खोलीत मशीन टाकली, तवापासून बायाइचे ब्लाऊज शिवून राहिली. पाहा, आला नं तोंडात. हाच थो शब्द. काय सांगू तुमाले, हा राहिली-राहिलो ऐकला का माह्या डोक्यात तिडीक जाते, आन आपल्या नागपुरात त्याच्याबिगर कोनाचं पान हालत नाई.

लोकाइले बी शब्दाचा राग येते. माह्या बाजूच्या मास्तरनीले कोनी मावशी म्हटलं का थे दोन दिवस फुगून असते. माह्या जावयाले कोनी हरेक वाक्यात ॲक्चुअली म्हटलं का थो उठून बाहेर जाते. त्याइचं बरं आहे, उठून जाता तरी येते. मी कुठं जाऊ. जेवून राहिलो, नाहून राहिलो, झोपून राहिलो, आन सगळ्यात वंगाळ म्हन्जे येऊन राहिलो. मानसाच्या अंगाले साबन लागून असते आन थो फोनवर म्हनते, येऊन राहिलो. त्याले कोनी खोटं बी म्हनत नाई.

मायच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू पडला होता. तिले सावनेरले दाखवाले न्याचं ठरलं. मी सकाळी बसनं खाप्याले येईन, तू स्टँडवर ये, तिथूनच पुढं जाऊ, असं मीच सांगितलं होतं. मे महिना होता. त्या दिवशी एका लग्नघरच्या बाईचा ब्लाऊज द्याचा होता, तिचा सकाळीच फोन आला, म्हने घ्याले येऊन राहिली. म्हटलं चला, देऊन टाकू आन निंगू. तितक्यात मायचा फोन आला, स्टँडवरच्या पानठेल्यावाल्याच्या मोबाईलवरून. काहून वं, निंगाली काय. मी म्हटलं, येऊन राहिली वं माय. पायात चप्पल बी नोती माह्या.

दहा वाजले, थे बाई आली नाई. मी फोन केला त म्हने, येऊन राहिली नं ताई, रस्त्यातच आहो. अकरा वाजले. मायचा फोन परत आला नाई, मले वाटलं घरी गेली असंन. मंग ब्लाऊज तसाच मशीनवर टाकला आन निंगाली.

मंग मले त्या पानठेल्यावाल्यानं सांगितलं. हरेक बस आली का म्हातारी उठे, तिले दिसे त नाई, म्हून कंडक्टरले विचारे, माही पोरगी आहे काय आत. पानठेल्यावाला म्हने, आजी, घरी जा, ऊन लागंन. माय म्हने, नाई बापू, थे येऊन राहिली. मी पोचली तवा तिले दवाखान्यात नेलं होतं. तिसऱ्या दिवशी गेली.

थे ब्लाऊजवाली दुसऱ्या दिवशी आली होती म्हने, दाराले कुलूप पाहून गल्लीत मलेच बोलून गेली. मी तिच्यावर काय चिडू. तिनं मले जे म्हटलं तेच मी मायले म्हटलं.

तवापासून माह्या खोलीत हा शब्द कोनी काढला का मी तोंड सोडलं म्हूनच समजा. याच पायी गिऱ्हाइकं तुटले. माही पोरगी वर्षा उमरेडले दिली आहे, थे म्हने, आई, तू लोकाइले काहून बोलते, थे बोलाची पद्धत आहे. पद्धत आहे, मले मालूम आहे. एका म्हातारीनं थो शब्द खरा धरला, एवढंच झालं.

आता माह्याच डोळ्यात मोतीबिंदू आहे. सुईत धागा ओवाले बाजूच्या पोरीले बोलवा लागते. आज वर्षा मले डॉक्टरकडं न्याले येनार आहे. नऊ वाजता तिचा फोन आला, आई, येऊन राहिली. मी फोन ठेवला. लुगडं बदललं, पिशवी भरली आन बसली. तुमच्यासंग बोलता बोलता किती वाजले पाहा बरं. एक वाजला काय. वाजू द्या. मी काई उन्हात बसली नाई, पंख्याखाली आहो.

तुमी निंगा आता. सुखानं जा, पोराबाळाइत राहा. घरी तुमची कोनी वाट पाहत असंन त फोन जरूर करा, पन एक करा, आधी गाडीवर बसा.