मिठाला जागणारे पाय

मी मूळचा खरवईचा, बदलापूरच्या कडेचा. आता तिथं बिल्डिंगी झाल्या, तेव्हा सगळी भातशेती व्हती. माझा बाप कामावरून आला की बांधाच्या पाण्यात पाय घालून बसायचा, लाल लाल पाय, विस्तवावर धरल्यासारखे. आम्ही धम्म घेतला, घरातले देव पाण्यात सोडले, तर गाववाले बोल्ले, बघा, मरीआईचा कोप, ह्यांचे पाय जळतात. पण काय सांगू तुम्हाला, देव घरात व्हते तेव्हापासून बापाचे पाय जळत व्हते, आजाचेपण जळायचे, मंग कोप कसला? माझे जळायला लागले तेव्हा मी ठरवलं, तोंडातून शब्द काढायचा नाय. गावाला तेवढंच पाहिजे व्हतं.

दुसरीतून शाळा सुटली. अंबरनाथला भट्टीवर लागलो, टिकलो नाय. मंग उल्हासनगरला जीन्सच्या धुलाईवर. दिवसभर निळ्या पाण्यात उभं राहायचं, बाकीची माणसं पळून जायची, मी आपला उभा. शेट सिंधी, मनानं चांगला, तो बोलायचा, साईं, तू आदमी है के भैंस, पानी से निकलताही नहीं. सगळे हसायचे, मीपण हसायचो. भैंस तर भैंस. आजारी तर कुणी बोल्लं नाय ना.

मुलगा माझा अपघातात गेला. सून आणि नात सुजाता माझ्याजवळ. सुजाता शाळेत चपला काढून फरशीवर पाय टेकवायची, रडायची, आणि बाई बोलायच्या, नाटकं करते. पण सून माझ्यापेक्षा हट्टी, डॉक्टरमागून डॉक्टर केले, शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथली डॉक्टरीण, पोरसवदाच, तिनं विचारलं, घरात आणखी कुणाला? सून बोल्ली, हिच्या बापाला व्हतं, तो नाय आता. मंग डॉक्टरीण माझ्याकडं बघायला लागली. मी बोल्लो, आमच्या घराण्यात काय खोट नाय.

ती रागावली नाय. बोल्ली, बाबा, शिरेला बारीक दारं असतात. त्यातून सोडियम आत जातं, मिठात असतं तेच, आणि शीर वर निरोप पाठवते, दुखलं म्हणून. हिची दारं जराशा उबेनं उघडतात, लवकर मिटत नाहीत. हे वारशानं येतं. तुमचं रक्त दिलंत तर नक्की कळेल, पोर खोटं बोलत नाही हेही सिद्ध होईल. मी बोल्लो, बघू, आणि उठलो.

मी अडाणी, मीठ एवढंच ऐकलं. घरी येऊन सुनेला ठणकावलं, पोरीच्या ताटात मीठ नाय वाढायचं. आणि माझ्यापण नाय. अळणी वरण, अळणी भात, सून बडबडत वाढायची. एक दिवस सुजातानं ताट सरकवलं, बोल्ली, आजोबा, पाय जळतात ते जळतातच, वर जेवणपण बेचव. आणि तुम्ही कशाला सोडलं मीठ? तुमचे कुठं जळतात?

काय सांगू. गावाला उत्तर दिलं नाय, शेटला दिलं नाय, सख्ख्या मुलाला दिलं नाय. त्या पोरीसमोर मी पायजमा वर केला. तिनं तळव्याला हात लावला आणि बोल्ली, माझ्यासारखेच गरम.

दुसऱ्या दिवशी जाऊन रक्त दिलं. जुळलं. डॉक्टरीण हसली, जेवणातल्या मिठाचा काही संबंध नाही हो बाबा, खा खुशाल. मी बोल्लो, बाई, खाल्ल्या मिठाला जागावं बोलतात, आमच्या शिरा जरा जास्तच जागतात.

आता गोळ्या चालू हायेत. पोरीला थोडा आराम हाय, मला नाय, म्हाताऱ्या शिरा ऐकत नायत. पाण्यात पाय घालायची बंदी, कातडं कुजतं म्हणून. तर आम्ही दोघं पंख्यासमोर पाय लांब करून बसतो, ती धडा वाचते, मी ऐकतो. शाळेतपण बाईंनी तिला पंख्याखालची जागा दिली. माझं काय, सरणावर तर सगळ्यांचेच पाय जळतात. पण पोरीचं मंगल होवो. उद्या तिचं लेकरू पाय धरून रडलं, तर पहिल्या रडण्यालाच खरं मानणारी आई तरी त्याला हाय.