शेवगा कुणाच्या दारात?

हॅलो?… हॅलो, सोलापूर?… अहो पोस्टमास्तर, ऐकलं मी. ‘बायकांचा फोन म्हणजे दळण’ म्हणालात ना? शेजारीच उभी आहे तुमच्या. दळू द्या तीन मिनिटं… हॅलो! कोण, मथुरा? अगं मी मीना! मोडनिंबहून!

नाही गं, आजारी नाही. ओरडतही नाहीये, सकाळपासून आवाजच असा झालाय… अगं ऐक ना. साहेबांना सांग, उद्या या. माझं गाव शेवग्याच्या योजनेच्या यादीतून काढायचं नाही… हो, हो, जगलेत! शेवग्याचे अकराच्या अकरा खुंट फुटलेत!

कुठं म्हणजे? तीच तर गंमत. मागच्या महिन्यात एस.टी.नं तू फांद्या पाठवल्यास ना? मी बायकांना बसवून सगळं शिकवलं. पाल्याची भाजी करून खायला घातली. पोरांच्या डोळ्यांना चांगली, अंगात रक्त भरतं… सगळं सांगितलं. अकरा जणी एकेक फांदी घेऊन गेल्या. मी खूश!… कसलं काय! दारात शेवगा लावला की घरातलं माणूस जातं, हे त्यांचं ठरलेलं. आणि ग्रामसेविकेला तोंडावर नाही तरी कसं म्हणायचं?… नाही, फेकल्या नाहीत. शेजारणीच्या परसात खोचल्या! हो! दगडाबाईनं बजाबाईच्या, बजाबाईनं सावित्रम्माच्या, आणि सावित्रम्मानं फिरून दगडाबाईच्या! हसू नकोस, चौथ्या दिवशी केवढं रण माजलं. ‘माझ्या घरावर टपलीस व्हय गं?’ झिंज्या धरायच्या तेवढ्या राहिल्या.

मी? पारावर बसून रडले, दुसरं काय… हो, तेव्हाच ते कार्ड टाकलं तुला, गाव सोडते म्हणून… फाडलंस? बरं केलंस बाई.

तर सगळ्या फांद्या उपटून उकिरड्यावर. आणि केराबाई आली… नाही, तू नाही पाहिलीस तिला. गावाच्या टोकाला एकटी राहते. बैठकीत मागं बसायची. तिनं त्या पदरात गोळा केल्या आणि आपल्याच दारात लावल्या. रांगेनं, अकराही!… मी तेच विचारलं, एवढ्या कशाला? तर तांब्या भरायला उठली. पाणी तुळशीला घालावं तसं रोज तांब्या-तांब्या! कुजतील गं बाई म्हणून मी ओरडले, तेव्हा कुठं थांबली.

आणि आज दगडाबाई येऊन म्हणते, ‘केराबाई तर धडधाकट हाय. पुढच्या खेपंला दोन मला द्या, माझ्याच दारात लावीन.’ दगडाबाई! म्हणून तर फोन. संध्याकाळच्या गाडीत तीस फांद्या टाक… तीस गं, तीस!

काय?… भीती कशी नाही वाटली तिला? तेच कुणी बोलत नाही. तिच्या दारात पूर्वी शेवगा होता, बाहत्तरच्या दुष्काळात गावानं तोडला, एवढंच कळलं. का म्हणून विचारलं की बायका घागरी उचलून चालू लागतात.

अगं, ती इथंच आहे, बाकावर. फोन बघायला आलीय… तूच विचार. केराबाई, या. फांद्या पाठवणाऱ्या बाई आहेत. हे कानाला… उलटं झालं… हां. बोला आता.

हालू?… म्या केराबाई… व्हय, समदी जगली… भ्या? न्हाय वाटलं… व्हता की, लई मोटा व्हता. तोडला… माजी पोरगी ग्येली म्हून. चार वर्साची व्हती… झाडानं खाल्ली म्हनले समदे. म्या बी तसंच म्हनायची. बरं पडायचं… न्हाय वो, दुकनं न्हवतं काई. चुलीवर काई न्हवतं. दारात झाड हिरवंगार, शेंगा न्हवत्या, आन् त्याचा पाला आमी शेळीला घालायचो. मान्सानं खायाचा, त्ये मीनाबाईनं आत्ता सांगितलं…

झाडानं न्हाय, बाई. माजी पोरगी भुकंनं ग्येली.