गुडघ्याने गच्ची गाठली

कंबरदुखीने वैतागलेला एक शिंपी थेरपिस्टबाईंच्या दाराबाहेर बसला होता. शेजारी एक नणंद-भावजय कुजबुजत होत्या, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

“वहिनी, या गुडघ्याने गच्चीवर चढलात? एकट्या?”

“एकटीच! इथल्या बाईंनी शिकवलंय ना, वन्सं. कठडा धरायचा, चढताना चांगला पाय आधी, मध्ये दम खायचा.”

“दादाला हाक मारायची की!”

“ते वरच होते. रोज दुपारी झाडांना पाणी घालायला जातात ना.”

“मग?”

“झाडं कसली! एक कुंडी जिवंत नाही. आरामखुर्चीत पाय पसरलेले, तोंडावर टोपी, आणि घोरणं थेट जिन्यापर्यंत!”

“बाई गं! काय म्हणाला?”

“दचकून उठले. म्हणे, तुला वर आणलं कोणी?”

“आणि तुम्ही?”

“म्हटलं, माझ्याच गुडघ्याने. उठा आता, मला बसायचंय.”

शिंप्याला हसू आवरेना. कंबर धरून तो आणखी जवळ सरकला.

“पण उतरलात कशा? उतरताना दुखरा पाय आधी ना?”

“उतरायची घाई कोणाला होती? दोन वर्षांनी एवढं आभाळ बघत होते. चहासुद्धा त्यांनाच वर आणायला लावला. आणि मग बिस्किटं!”