ताठ बाजू

हाडांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको दबक्या आवाजात भांडत होते.

“ते लाकूड पलंगाखाली वाळत होतं, तेव्हा मला पंखासुद्धा लावू दिला नाहीत.”

“सावकाश वाळलं नाही, तर तडकतं गं. मग कसलं धनुष्य?”

“आता झालं ना धनुष्य? मग भिंतीवर टांगून ठेवलंय कशाला?”

“अजून पुरतं झालं नाही. एक बाजू ताठ आहे, ती रोज घासतोय.”

“माहितीये. चहातसुद्धा भुसा असतो.”

“म्हणून काय न विचारता धनुष्य ओढायचं? तेही बाण न लावता! रिकामी दोरी सोडली की सगळा दणका लाकडाला बसतो.”

“लाकडाला? मग हा माझा हात कशानं सुजलाय?”

“हाताला चामड्याचा पट्टा बांधला असतास, तर दोरी हाताला लागली नसती. सुदैवानं धनुष्याला तडा नाही. मी भिंग घेऊन पाहिलं.”

“माझा हात पाहिलात भिंगानं?”

“हाताला डॉक्टर आहेत ना.”

“आणि ऐका. मी आरशासमोर उभं राहून ओढलं. खालची बाजू छान वाकते. वरची जागची हलत नाही.”

“वरची?”

“वरची. तुम्ही कुठली घासताय?”

“...खालची.”

“वाटलंच मला.”

“पुढचे पेशंट?” आतून हाक आली.

“आले! तुम्ही इथंच बसा. आत आलात, तर डॉक्टरांना हात सोडून धनुष्याचंच सांगत बसाल.”