निखाऱ्यावरचं औषध

आता तुम्ही हसान, पण तवा माह्या जिवाले घोर लागलता. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमचे हे दिग्रसले कापसाच्या जिनमधी कामाले होते. रुईची धूळ छातीत जाऊन जाऊन दोन पावलं चालले की धाप लागे, अन् धाप लागली की सारा राग माह्यावर. असंच राह्यलं असतं त काम सोडून घरी बसा लागलं असतं.

शेवटी दवाखान्यात नेलं त डॉक्टर म्हणाले, "बाटलीत पाणी घ्या, नळी घाला अन् रोज सावकाश, लांब फुंका. छातीत जोर येईल."

घरी आल्यावर ह्यायनं बाटली कोनाड्यात ठेवून देली. "मी काय लेकरू आहो, बुडबुडे काढाले?"

दुसऱ्या दिवशी मी चुलीतले निखारे पुढं ओढले अन् त्यायच्या हाती फुंकणी देली. "चहा पाह्यजे असन त फुंका."

"बायकायचं काम मी करू?"

"मंग दार लावून घेते."

पहिल्यांदा नुसती राख उडली, सारी मिशीत. पण महिन्याभरात एका दमात जाळ धरे. धाप गेली, झोप लागू लागली, रागही उतरला. तोंडात फुंकणी असली की माणसाले वरडता कुठं येते!

डॉक्टर छाती तपासून खुश झाले. "बाटलीचा गुण आला."

"हाव, बाटलीचाच," हे म्हणे.

डॉक्टर मिशीतली राख पाहून राह्यलते. "आता बंद केलं तरी चालेल."

मी घाईघाईनं म्हटलं, "डॉक्टरसाहेब, दुखणं गेलं त जाऊ द्या, पण औषध तेवढं चालूच ठेवा म्हणा त्यायले!"