घासलेला तवा, मुरलेला तवा

मोठ्याने नाम घ्या, मंडळी! अहो, मोठ्याने! देव बहिरा नाही, पण मागच्या रांगेतले झोपलेत, त्यांच्यासाठी म्हणतो!

हां. आता एका प्रश्नाचं उत्तर द्या. देवाला काय आवडतं — घासलेलं, की मुरलेलं?

कोण म्हणालं 'घासलेलं'? पेटीवाले! वाटलंच. सकाळपासून पेटी पुसताहेत, सूर मात्र अजून लागायचाय! असू दे. उत्तर मी देणार नाही. उत्तर देणार आहे एक तवा. साधा, बिडाचा, काळाकुट्ट तवा!

तर मंडळी, ऐका. खाडीकाठी एक गाव. नाव सांगत नाही, नाहीतर तुमच्यातलेच चार जण तिथले जावई निघायचे. त्या गावात ओकांचं घर. घरात एकट्या द्वारकाकाकू, आणि त्यांच्या चुलीवर तो तवा. सासूने सुनेला दिलेला. सासूला तिच्या सासूने.

आणि त्या तव्यावरचा घावन! काय सांगू! तांदळाचं पीठ, मीठ, पाणी — बस. तवा तापला की नारळाच्या शेंडीने तेल फिरवायचं आणि पीठ कडेकडेने सोडायचं. चर्रर्र! वर झाकण. झाकण काढलं की काय? जाळी! भोकंच भोकं! कडा आपण होऊन सुटतात. उलथणं नुसतं दाखवायचं, की घावन म्हणतो, 'आलो!' — आपली मुलं येतात का अशी एका हाकेत?

चाळीस वर्षं गौरीच्या नैवेद्याचा घावन आणि नारळाच्या रसातलं गोड घाटलं काकूंच्या हातचं. पण काकूंचे यजमान गेले. वर्षश्राद्ध झालं, भाद्रपद आला, आणि ठाण्याहून धाकटे दीर वामनराव आले सहकुटुंब. कुटुंबाचं नाव शालिनी. बँकेत मोठ्या हुद्द्यावर! इंग्रजी फाडफाड! मोबाईलवर बोट फिरवलं की लाखांचे व्यवहार! आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या काय म्हणाली?

"वहिनी, यंदा नैवेद्य मी करते. तुम्ही आता… म्हणजे बघा, सवाष्णीच्या हातचा असलेला बरा, नाही का?"

बघा! बँक नव्या शतकातली, आणि बाई? बाई आजेसासूच्याही आजेसासूच्या काळातली!

काकूंनी काय केलं? तवा दिला, शेंडी दिली, आणि मागच्या पडवीत जाऊन वाल सोलत बसल्या. मंडळी, त्या बाईला मानपान नको होता हो! वर्षातून एकदा गौर माहेरी येते, तिला आपल्या हातचे चार घास करून घालावेत, एवढंच होतं तिच्या आयुष्यात उरलेलं. तेवढंही काढून घेतलं. कुणी? शेजाऱ्याने नाही. घरच्यांनीच!

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? शालिनीने तवा बघितला. "ईऽऽ! केवढा काळा! देवीचं काम, सगळं कसं लख्ख हवं!" समया घासायला काढल्याच होत्या, तवाही घेतला त्यांच्यात! चिंच लावली, मीठ लावलं, विटकरीचा भुगा लावला. खसाखसा, खसाखसा! समईला जे चालतं ते तव्याला चालेल का? अहो, पितळ घासलं की उजळतं. बिडाचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे! ते पिढ्यान् पिढ्यांचं तेल, विस्तवावर मुरलेलं. त्याच्यामुळेच घावन सुटतो. म्हणून बिडाला साबण नाही, आंबट नाही. तापल्यावर गार पाणी ओतायचं नाही, चिरतो. वापरला की पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा, ठेवून द्यायचा. संपलं शास्त्र!

पण शालिनीबाईंनी तवा घासला, धुतला, आणि वर आदल्या संध्याकाळी तुळशीपाशी ओलाच पालथा ठेवला. सकाळी बघते तो काय? तांबडालाल! गंज! कुंकवाचा मळवट भरल्यासारखा! वाहवा! काकूंना कुंकू नाही म्हणून उठवलं, आणि तव्याला लावून ठेवलं!

तो गंज खरवडला, तवा चढवला. पाच सवाष्णी पाटावर, गुरुजी आसनावर, घाटलं तयार. पहिला घावन. चर्र नाही, काही नाही. चिकटला! दुसरा — लगदा! तिसऱ्याला उलथणं लावलं, तर निम्मा घावन हातात आणि निम्मा तव्यावर! तो तवा म्हणतो, 'माझं अंगावरचं पांघरूण काढलंस, आता मी तुझा घावन पांघरतो!'

वामनराव आत डोकावले. "अगं, आपला ठाण्याचा तवा आणलायस ना? तो न चिकटणारा? काढ की!"

"तो नैवेद्याला कसा चालेल?"

"का?"

"अहो… त्यावर तुमचं आम्लेट होतं ना रोज!"

आणि हे कुठे? पाच सवाष्णींसमोर! आता गौरीचा मुखवटा नसता, तर ती हसलीच असती हो! त्यातली एक सवाष्ण म्हणाली, "अर्धा कांदा चोळ, सुटेल." गुरुजी ओरडले, "चातुर्मास! कांदा नाही!" बारा वाजले, एक वाजला. सवाष्णींच्या पोटात कावळे. गुरुजींच्या पोटात तर अख्खा वड!

शेवटी शालिनी पडवीत गेली. तवा दोन्ही हातांत, तोंड एवढंसं. "वहिनी, तवा बिघडला."

"तवा आपण होऊन बिघडत नाही गं. काय केलंस त्याला?"

"स्वच्छ केला. देवीसाठी."

काकूंनी तवा मांडीवर घेतला. त्याच्यावरून हात फिरवला. डोळे भरून आले, पण जीभ? जीभ कोकणातली! म्हणाल्या, "यजमान गेले तेव्हा मला पुसलंत. आता तव्यालाही पुसलंत."

मागून गुरुजी आले. भुकेला माणूस, मंडळी! भूक लागली की शास्त्राला कशा पारंब्या फुटतात बघा! "काकू, आपद्धर्म आहे! अडचणीच्या वेळी तुमचा हात चालतो!"

"कालपर्यंत चालत नव्हता, तो भूक लागल्यावर चालायला लागला?" काकू म्हणाल्या, "अडलं म्हणून मी येणार नाही, गुरुजी. न अडता चालणार असेन, पुढल्या वर्षी आणि त्याच्या पुढल्या वर्षी, तर उठते. नाहीतर गौरीला गूळ-खोबरं दाखवा. माहेरवाशीण आहे, समजून घेईल. मला वाल सोलायचेत."

आणि मग शालिनीकडे बघितलं. आवाज मऊ झाला. "शालू, तू सहावीत होतीस ना, तुझे वडील गेले तेव्हा?"

"हो."

"मग सातवीपासून तुला जेवायला कोण घालत होतं?"

संपलं! चिंचेने, मिठाने, विटकरीने जे निघालं नव्हतं, ते या एका प्रश्नाने निघालं. शालिनी तिथेच वालाच्या सालींत बसली आणि रडली. आईच्या हातचा डबा खाऊन ती बँकेत गेली होती हो! मग उठली, काकूंचा हात धरला. "चला वहिनी. पुढल्या वर्षीही तुम्हीच. मी पीठ भिजवून देईन."

काकूंनी तवा कोरडा तापवला. तेलाचं फडकं फिरवलं, धूर निघू दिला, निववला. पुन्हा तेल, पुन्हा धूर. चार वेळा! सवाष्णी म्हणाल्या, "अजून किती?" काकू म्हणाल्या, "घासायला एक संध्याकाळ लागली, मुरायला वेळ लागेल." पहिला घावन फाटला. "हा तव्याचा." दुसऱ्याची कड तुटली. "हा गाईचा." तिसरा जरा बरा. "हा गुरुजींचा, आपद्धर्म म्हणून!"

चौथा… चर्रर्र! जाळी पडली. कडा सुटल्या. तो घावन काकूंनी आपल्या हाताने गौरीपुढे ठेवला.

मग काय झालं? वीज पडली? समई विझली? छे! पाच सवाष्णींनी बावीस घावन खाल्ले, आणि गुरुजींनी एकट्यांनी नऊ!

हसलात? हसा. आता जरा तुमच्याकडे वळतो.

मघाशी आख्यानाला उभं राहण्यापूर्वी इथे हळदीकुंकवाचं तबक फिरलं. मी इथून बघत होतो. कीर्तनकाराचे डोळे मिटलेले असतात, असं वाटतं तुम्हाला? तबक पहिल्या रांगेतून गेलं, दुसऱ्या रांगेतून गेलं, आणि त्या खांबापाशी आल्यावर वळसा घालून पुढे गेलं! खांबाआड कोण बसलंय? तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे, कारण सकाळी दहाला इथे पोचलो तेव्हा पाकशाळेत त्याच बाई बिडाच्या तव्यापाशी उभ्या होत्या. आजच्या प्रसादाचे दोनशे घावन त्यांच्या हातचे! घावन चालतात, हात चालत नाही?

तो गाभाऱ्यातला देव बघा. काळा पाषाण! वर्षानुवर्षं तेल पिऊन काळा झालेला. त्याला कुणी चिंच लावली का?

पेटीवाले, सूर धरा. आरती तयार आहे, पण मी सुरू करणार नाही. सेक्रेटरीसाहेब, ते आरतीचं ताट उचला. खांबाआडच्या बाईंच्या हातात द्या. त्या पुढे येईपर्यंत मी इथे उभा आहे.

मला घाई नाही. प्रसाद तुमचाच गार होतोय.