उखर्डीबाई कौन है

शोभे, शेजारीण म्हणून तुला सांगते, यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव. माझं असली नाव उखर्डी. आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून आईनं मला जन्मताच उखरड्यावर, कचऱ्याच्या ढिगात लोळवलं, यमालाही किळस यावी म्हणून. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळात 'शालिनी' लिहिलं अन् नाव बदललं. उखर्डी म्हणणारं माहेरचं आता कोणीच उरलं नाही.

काल दवाखान्यात मी मुद्दाम तेच नाव सांगितलं. कंपाउंडर ओरडला, "उखर्डीबाई!" लोक हसले. मी जागची हलले नाही.

"अरे, उखर्डीबाई कौन है?"

 शेवटी तो जवळ आला. "आजी, तुम्हीच ना? ऐकू येत नाही का?"

"येतं ना बाबा. अजून एकदा मार हाक."

"दुखतं काय तुमचं?"

"काहीच नाही."

अशी काय बघतेस, शोभे? जाय आता घरी.